सुऱ्यावरच्या दोन ओळी

तो सुरा मला वसमतच्या आठवडी बाजारात एका भंगारवाल्याच्या पोत्यावर मिळाला. मी गेलो होतो दाराची बिजागरी शोधायला. बिजागरी मिळाली आणि तिच्याखाली, गंजलेल्या साखळ्या आणि फुटक्या कुलपांच्या ढिगात, हा पडलेला दिसला. वीतभर पातं, पुढं जरा वर उचललेलं टोक, पितळेची आडवी पट्टी, आणि मुठीच्या एकाच बाजूला शिंगाचा तुकडा. दुसऱ्या बाजूचं शिंग कधीच निघून गेलं होतं.

"घ्या सर, खाटकाची सुरी हाय," भंगारवाला म्हणाला. "भाजी बी कापती अन् बायको बी भ्येती."

बिजागरीसोबत मी तोही घेतला. काहून घेतला, ते मला आजही नीट सांगता येणार नाही. हिंगोली वेगळा जिल्हा होऊन तेव्हा वर्ष-दीड वर्ष झालं असेल. मी वसमतला एका शाळेत इंग्रजी शिकवायचो. आमच्या घराण्यात शाळेच्या पायऱ्या चढलेला पहिला मीच, आणि कॉलेजची तर गोष्टच सोडा. डोंगरकड्याच्या पलीकडं आमचं गाव, घरी मेंढरं. हॉस्टेलमध्ये राहून, लोकांनी दिलेली पुस्तकं वाचून मी शिकलो. ज्यांनी ज्यांनी हात दिला त्यांना मी विसरलेलो नाही. पण शिकल्यामुळं एक खोड लागली होती. कोणतीही जुनी वस्तू दिसली की तिच्यामागं काहीतरी इतिहास असणार असं वाटायचं, आणि तो मलाच सापडणार असंही वाटायचं.

त्याच आठवड्यात माझे वडील डोळे दाखवायला वसमतला आले. त्यांना आम्ही बा म्हणायचो. मी त्यांच्यापुढं सुरा ठेवला. बांनी तो उचलला, डोळ्यांजवळ नेला, मग डोळ्यांचा नाद सोडून बोटानंच पाहू लागले.

"ह्यो खाटकाचा न्हाई," ते म्हणाले.

"मग?"

"खाटकाचं पातं रुंद असतं, सरळ. त्याला तोडायचं असतं. ह्याचं पोट बघ कसं गोल हाय. अन् पाठ जाड, बोथट. पाठीवर असं बोट ठिवायचं अन् कातडं सोडवत जायचं. टोक वर उचललंय म्हणून कातड्यात घुसत न्हाई. ह्यो शिकाऱ्याचा."

आयुष्यभर मेलेल्या मेंढरांची कातडी सोडवलेला माणूस तो. मी विचारलं, "इतकं कसं कळलं तुमाला?"

"तुज्या पुस्तकात नसंल ते," बा म्हणाले. "मेंढरात हाय."

ओळख तर पटली. आता गंज काढायचा होता. आमच्या घरी पितळेची भांडी चिंचेनं लख्ख व्हायची. मी तोच मार्ग धरला. तासभर चिंच लावून घासलं. पितळेची पट्टी सोन्यासारखी झाली आणि पातं करडं, डागाळलेलं. सकाळी पाहतो तर सगळ्या पात्यावर पिवळा गंज नव्यानं फुटलेला. बांनी बसला जाता जाता पाहिलं आणि म्हणाले, "त्यो काय तांब्या हाय व्हय? जाणत्याकडं ने."

जाणता म्हणजे बस स्टँडच्या मागच्या गल्लीतले चाचा. पत्र्याच्या लहानशा दुकानात पायानं फिरवायचं धारेचं चाक, एक बाज, आणि भिंतीला टांगलेल्या कात्र्या, विळ्या, वस्तरे. सगळं वसमत त्यांना चाचाच म्हणायचं. बासष्ट-त्रेसष्टचं वय, पांढरी दाढी, उजव्या हाताचा अंगठा दगडासारखा गुळगुळीत झालेला. वर्षातून दोनदा त्यांना मान वर करायला फुरसत नसायची. एकदा बकरीदच्या आधी, आणि एकदा खंडेनवमीच्या आधी, कारण त्या दिवशी आमच्याकडं घरातली सगळी हत्यारं धुऊन, धार लावून पुजतात. मी गेलो तो नेमका खंडेनवमीच्या आधीचा आठवडा होता. दुकानापुढं कोयते आणि कुऱ्हाडींचा ढीग.

मी सुरा त्यांच्या हातात द्यायला लागलो तर त्यांनी हात मागं घेतला.

"हातातून हातात न्हाई मास्तर. खाली ठेवा. हत्यार असं दिलं की माणसं भांडतेत."

मी गोणपाटावर ठेवला. त्यांनी उचलला आणि कपाळाला आठ्या पडल्या.

"इमली लगाए इसकू?"

मी मान हलवली.

"काहून?"

"पितळ चिंचेनं निघतं, म्हणून..."

"पितळ निघतं. लोखंडाला तेल पाजतेत मास्तर, आंबट न्हाई पाजत." रांगेतली माणसं हसली. चाचाही हसले. मग त्यांचा अंगठा पात्याच्या पाठीवरून मुठीकडं गेला, तिथं शिंग बसवलेल्या जागेवर थांबला, आणि त्यांचं हसू गेलं. त्यांनी पितळेच्या खिळ्यांवर बोट फिरवलं. शिंगाची कड नखानं खरडून पाहिली.

"ये तो अब्बा का हात दिखता," ते हळू म्हणाले.

गर्दी ओसरल्यावर त्यांनी सांगितलं. त्यांचे वडील नुसते धार लावणारे नव्हते, घडवणारे होते. निजामाच्या काळात शिकारीला येणारे मोठे लोक त्यांच्याकडून सुरे घडवून घ्यायचे. शिंगाची मूठ, आत लाख आणि विटेची पूड, दोन पितळी खिळे, अशी त्यांची रीत. राज्य गेलं त्या वर्षी हत्यार घरात असणंच भीतीचं झालं. वडिलांनी दुकानातला सगळा माल पोत्यात भरला आणि आडात सोडला. भट्टी मोडली. दोन-तीन वर्षांत तेही गेले. चाचा तेव्हा दहा-बारा वर्षांचे. त्यांच्या वाट्याला फक्त धारेचं चाक आलं.

"एक बी चीज राहिली न्हाई मास्तर. माझं पोरगं म्हणतं, दादा, म्हणजे त्याचे आजोबा, नुसते चाक फिरवत होते, अब्बा कहानी सांगायलेत. तीस वर्षं सांगून राहिलो. त्याला दाखवायला एक, फक्त एक चीज पाहिजे होती."

मुलगा त्यांचा आयटीआय केलेला. हिंगोली रोडवर त्याचं वेल्डिंगचं दुकान होतं. खिडक्या, शटर, ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या. चांगला कामसू माणूस, बापाला जपणारा. फक्त ही एक गोष्ट त्याला पटत नव्हती.

"ठसा असंल," चाचा म्हणाले. "अब्बा बारीक ठसा मारायचे इथं, पट्टीजवळ. काय होतं त्यात ते याद न्हाई. फूल होतं का अक्षर होतं. लहान होतो मी."

सुरा त्यांनी रॉकेलच्या डब्यात बुडवून ठेवला. "दसरा जाऊ द्या. मग या."

दसऱ्यानंतर मी रोज शाळा सुटली की तिथं जाऊन बसू लागलो. रॉकेलनं गंज सुटला होता. चाचा तो चाकाला लावत नव्हते. "चाक खाऊन टाकतं," म्हणायचे. बारीक दगड, करडीचं तेल आणि अंगठा, एवढ्यावरच काम. एकाच दिशेनं, एकाच दाबानं. वाळूएवढा खड्डा दिसला तर तो तसाच ठेवायचा. "खड्डा काढायला गेलं की आधी सुरा संपतो," ते म्हणाले. मीही एक दगड घेऊन पितळेच्या पट्टीवर बसायचो. बोलणं थोडं व्हायचं. कधी ते वडिलांबद्दल सांगायचे, कधी मी बांबद्दल. दोन्ही माणसांना लिहिता-वाचता येत नव्हतं आणि दोघांनाही वस्तू हातात धरून कळायच्या, हे मला तिथं बसल्यावर जाणवलं.

चौथ्या की पाचव्या दिवशी पट्टीजवळ काहीतरी उमटू लागलं. चाचांनी फडक्यानं तेल पुसलं, सुरा गोणपाटावर ठेवला आणि माझ्याकडं सरकवला.

"वाचा मास्तर. उर्दू तर न्हाई हे."

मी उजेडाला धरलं. दोन ओळी होत्या, इंग्रजी. अर्धी अक्षरं गंजानं खाल्लेली, पण उरलेली पुरेशी होती. वरच्या ओळीत कुण्या गोऱ्या कारखानदाराचं नाव. खालच्या ओळीत इंग्लंडमधल्या एका गावाचं नाव. ते गाव मी न्हाव्याच्या जुन्या वस्तऱ्यावर वाचलेलं होतं. शंकेला जागाच नव्हती. पातं विलायती होतं.

मी वर पाहिलं. चाचा माझ्या तोंडाकडं पाहत होते. लेकरू निकालाच्या दिवशी मास्तरच्या तोंडाकडं पाहतं ना, तसे.

"घासून गेलंय चाचा," मी म्हणालो. "नीट लागत नाही."

"इंग्रजी हाय ना पण?"

"इंग्रजी आहे."

"साहेब लोकांसाठी बनवायचे म्हणल्यावर ठसा इंग्रजीच मारला असंल का अब्बांनी?"

आणि मी म्हणालो, "असेल."

एवढा एक शब्द. मला वाटलं, मी या माणसाला काहीतरी दिलं. घरी येताना मी स्वतःवर खूश होतो, हेही लिहायला पाहिजे.

पुढच्या बाजाराच्या दिवशी बस स्टँडसमोरच्या हॉटेलातून मला हाक आली. चाचा बाकावर बसले होते. स्वच्छ सदरा, डोक्याला टोपी. समोर टेबलावर फडक्यात गुंडाळलेला सुरा उघडा करून ठेवलेला आणि भोवती सात-आठ माणसं. "या मास्तर, या. यांनीच वाचला ठसा," ते सगळ्यांना सांगत होते. "इंग्रजीचे मास्तर हायेत." कुणीतरी माझ्यासाठी चहा सांगितला.

तेवढ्यात मोटरसायकल थांबली आणि त्यांचा मुलगा आत आला. बापानंच बोलावलं होतं त्याला. चाचांनी सुरा त्याच्यापुढं सरकवला. मुलानं तो खिडकीकडं धरला, डोळे बारीक केले. आयटीआयला असताना यंत्रांवरची इंग्रजी वाचून त्याचे डोळे तयार झाले होते.

"अब्बा," तो म्हणाला, "ये तो विलायती है. ये देखो, कंपनी का नाव. नीचे गाव का नाव. दादा कब गए थे विलायत?"

हॉटेलात हशा झाला. वाईट मनानं नव्हे. पण झाला. एक जण म्हणाला, "चाचा, पासपोर्ट बी आडात टाकला का?"

चाचांनी माझ्याकडं पाहिलं. मुलानंही. "सर, तुमी इंग्रजीचे ना?" त्यानं विचारलं.

आणि तिथं, त्या क्षणी, खरं बोलायची दुसरी संधी असताना मी म्हणालो, "मला नीट दिसलं नव्हतं."

"त्यांची काय गलती," चाचा चटकन म्हणाले. "तेव्हा घासायचं बाकी होतं." त्यांनी सुरा फडक्यात गुंडाळला, काखेत धरला आणि उठून गेले. माझा चहा आला होता. तो कुणी प्यायला ते मला आठवत नाही.

दुसऱ्या दिवशी शाळेत माझं लक्ष लागलं नाही. मधल्या सुट्टीत मी सायकल काढून गल्लीत गेलो. चाचा मुठीचं काम करत होते. जुनं सांबराचं शिंग त्यांनी काढून ठेवलं होतं. "तडकलंय. अन् आता नवं सांबरशिंग ठेवलं तर फॉरेस्टवाले मला घेऊन जातील," म्हणून शिसवाच्या दोन फळ्या घासत होते. मी आलो तेव्हा त्यांनी नेहमीसारखं बाजेकडं बोट केलं. मी बसलो नाही.

"चाचा, मला त्या दिवशीच वाचता आलं होतं. दोन्ही ओळी. मी खोटं बोललो. काल पण."

त्यांचा हात थांबला नाही. कानस तशीच मागंपुढं होत राहिली.

"तुम्हाला बरं वाटावं म्हणून बोललो," मी म्हणालो, आणि बोलता बोलताच ते किती हलकं आहे ते कळलं.

"मला शंका होती," चाचा म्हणाले. "दगड लावला तवाच. आपल्याकडच्या घडीव लोखंडाला दगड वेगळा बोलतो. हे पातं मशिनीचं. बराबर एकसारखं. हाताला कळलं होतं मास्तर. पण तुमी शिकलेले. तुमी म्हणला असंल. तुमच्या तोंडाकडं पाहून मी माझ्या हाताचं ऐकलं न्हाई."

कितीतरी जणांनी मला शिकवलं, रागावलं, कौतुक केलं. पण माझ्या शिकण्याचं वजन दुसऱ्याच्या मनावर किती पडतं, हे मला तोवर कुणी सांगितलं नव्हतं.

"मग मूठ?" मी विचारलं. "खिळे, लाख... ते तर तुमच्या अब्बांच्या रीतीचं होतं ना?"

"मूठ त्यांची असंल. असंल," ते म्हणाले आणि माझाच शब्द वापरल्याचं लक्षात येऊन जरा हसले. "पण मूठ तर कोणी बी बसवतं. मूठ दाखवून काय सिद्ध होतंय?"

मागं दारात मुलगा उभा होता. बापाचा जेवणाचा डबा घेऊन आला होता. किती वेळ ऐकत होता कोण जाणे. त्यानं डबा खाली ठेवला.

"मला वाटलं, अब्बांनी आपल्या मनानंच सांगितलं सगळ्यांना," तो मला म्हणाला. "अन् मी चार लोकांत..."

"मास्तरचं झूठ मास्तरजवळ," चाचा म्हणाले. "तुझं काय म्हणणं, ते तू सांग. दादा चाक फिरवत होते?"

"अब्बा, जाने दो ना."

"जाने काय दो. तुझ्याकडं लोखंड हाय का?"

"लोखंडाचंच दुकान आहे माझं."

"असलं पट्ट्यांचं न्हाई. कमानीचं. जीपच्या स्प्रिंगचा पाटा. अन् कोळसा. अन् ऐरण हाय ना तुझ्याकडं? इतवारी येतो मी."

मुलगा हसला. "पन्नास साल में हातोडा उठाए क्या तुम?"

"न्हाई. म्हणून तर इतवार म्हणालो. तोवर याद करतो."

रविवारी सकाळी मी वेल्डिंगच्या दुकानात गेलो, ते चाचांचा निरोप होता म्हणून. "घोंगडी घेऊन या," असा निरोप. बांनी दिलेली काळी घोंगडी माझ्या खोलीवर होतीच. मुलानं मातीचं एक आळं केलं होतं आणि त्यात फुंकणीचं छोटं मशीन बसवलं होतं. चाचांनी ते पाहून नाक मुरडलं, पण चालवून घेतलं. घोंगडी भट्टीवर आडवी बांधायला लावली. उजेडात तापलेल्या लोखंडाचा रंग खोटा दिसतो, सावलीत खरा, असं त्यांचं म्हणणं. "पिकल्या बोराचा रंग आला की सांगा," ते मला म्हणाले. "तुमच्या डोळ्याला आता खोटं दिसणार न्हाई." मुलगा मोठ्यानं हसला आणि मीही हसलो.

पाटा तापला. चाचांनी तो चिमट्यानं ऐरणीवर घेतला. उजव्या हातात लहान हातोडी. मुलाच्या हातात घण.

"मी हातोडी जिथं टेकवीन तिथं घण मारायचा. बघायचं न्हाई, विचारायचं न्हाई. लोखंडाकडं बघ. हातोडी ऐरणीवर दोनदा वाजली की थांबायचं. आडवी ठेवली की तिरका मारायचा."

टक्. घण पडला. टक्. घण पडला. पहिल्या पाच-सहा घावांत मुलाचा नेम चुकत होता आणि चाचा त्याला बोलत होते, "अबे, पायजामा शिवून राहिला का तू?" मग हळूहळू लय लागली. लहान हातोडी पुढं जायची, तिच्यामागं घण. म्हातारा पातं उलटायचा, परत टेकवायचा, आणि त्या हातोडीचं सांगणं इतकं स्पष्ट होतं की घणाला बोलावं लागत नव्हतं. ऐरणीवर दोनदा टिणटिण झालं. मुलगा थांबला. पातं परत भट्टीत गेलं. असं पुष्कळ वेळ चाललं. चाचांना दम लागत होता, सदरा घामानं पाठीला चिकटला होता, पण हात अडखळत नव्हता. पाट्याचं टोक वर उचलू लागलं, पोट गोल होऊ लागलं.

शेवटी विझवणी. मी घोंगडीखाली वाकून पाहत होतो. बोराचा रंग आला आणि मी ओरडलो. चाचांनी पातं उचललं आणि बादलीतल्या पाण्यात बुडवलं. वाफ उठली आणि तिच्यातून एक बारीक आवाज आला, काच तडकल्यासारखा. त्यांनी बाहेर काढलं तर पात्याला मधोमध उभी चीर.

चाचा उकिडवे बसले.

"तेल," ते म्हणाले. "अब्बा तेलात घालायचे. करडीचं. पाण्यात न्हाई. विसरलो मी." आवाज अगदी लहान झाला होता. "तुझंच बराबर असंल. कोण जाणे काय पाहिलं मी लहानपणी."

मुलानं घण भिंतीला टेकवला. चिरलेलं पातं हातात घेतलं, फिरवलं, खाली ठेवलं. मग ऐरणीजवळ गेला आणि चाचांची लहान हातोडी उचलून तिनं ऐरणीवर दोनदा मारलं. टिणटिण.

"अब्बा, हे थांबायचं," तो म्हणाला.

"व्हय."

"अन् आडवी ठेवली की तिरका."

"व्हय. काहून?"

"धार लावणारा एकटा असतो. चाक, पाय अन् एक हात. त्याला दुसरा माणूस लागत नाही. मग हा इशारा तुम्हाला कोणी शिकवला?"

चाचांनी मान वर केली. "कौन सिखाएगा? अब्बा हातोडी टेकवायचे, माझे मोठे चाचा घण मारायचे. मी तिथं बसून बघायचो."

मुलगा कोपऱ्यात पडलेल्या स्प्रिंगच्या ढिगाकडं गेला, दोन पाटे उलटेपालटे करून पाहिले, आणि त्यातला बरा निवडून भट्टीवर आणून ठेवला.

"सर," तो मला म्हणाला, "समोरच्या किराणा दुकानातून करडीचं तेल आणता का? चार-पाच किलो म्हणा. अन् घोंगडी जरा खाली ओढा, उजेड येऊन राहिला."

मी परत आलो तेव्हा भट्टी पेटली होती. बाप-लेक ऐरणीच्या दोन बाजूंना उभे होते, आणि चाचा पुन्हा पहिल्यापासून समजावून सांगत होते. मुलगाही सगळं नव्यानं ऐकल्यासारखा ऐकत होता.